पाटा वाढवण्याआधी

जुनी कॅम्पर व्हॅन मागून बसलेली दिसली की सल्ले द्यायला दोन पंथ पुढे येतात. एक म्हणतो, कडक स्प्रिंगा घाला, जमल्यास एक पाटा वाढवा, गाडी आपोआप उचलेल. दुसरा म्हणतो, कंपनीने जे बसवले होते तेच जसेच्या तसे शोधून आणा, त्यात अक्कल लढवू नका. दोघांनाही शॉकअप ही नंतरची बाब वाटते. तेल टाकले तर बदलायचा, नाहीतर आहे तो चालू द्यायचा. या दोन्ही सल्ल्यांत एक जुनी सवय दडलेली आहे आणि ती कुठून आली हे स्प्रिंगांच्या इतिहासात शोधल्याशिवाय जुन्या गाडीसाठी नवा माल नीट निवडता येणार नाही, असे माझे म्हणणे आहे. स्प्रिंगचे काम वजन पेलण्याचे. शॉकअपचे काम हेलकावा जिरवण्याचे. ही दोन कामे निरनिराळी आहेत. पण मोटारीच्या आधीपासून, घोडागाडीच्या काळापासून, ती दोन्ही कामे पाट्यांच्या कमानीने, म्हणजे लीफ स्प्रिंगने, एकटीने केली. त्यामुळे कारागिरांच्या, मालकांच्या आणि बऱ्याच काळापर्यंत इंजिनिअरांच्याही डोक्यात ती एकच होऊन बसली. पुढे कमानीच्या जागी गोल स्प्रिंग आली, पिळाचे दांडे आले, कामे वेगळी झाली. सवय मात्र राहिली.

आपल्याकडची बैलगाडी थेट आसावर बसलेली असते. रस्त्यातला प्रत्येक दगड साटीपर्यंत आणि साटीवरून माणसाच्या मणक्यापर्यंत पोचतो. युरोपातल्या बग्ग्यांना चामडी पट्ट्यांवर टांगलेली खोकी होती, पोलादी पट्ट्यांचे निरनिराळे प्रयोगही झाले होते. पण खरा बदल झाला तो लंडनच्या ओबाडिया इलियट या गाडीकाराने १८०४ मध्ये लंबगोल कमानीचे पेटंट घेतले तेव्हा. दोन कमानी समोरासमोर जोडून त्याने गाडीचा सांगाडा सरळ त्यांच्यावर ठेवला. आधी सगळा भार घेणारी जड लाकडी तुळई त्यामुळे नकोशी झाली, गाडी हलकी झाली, घोड्यावरचा ताण कमी झाला. टांग्यापासून मुंबईच्या व्हिक्टोरियापर्यंत आपल्याकडे ज्या कमानी दिसल्या त्या याच घराण्यातल्या. १९०० च्या सुमारास मोटारी रस्त्यावर आल्या तेव्हा त्यांनीही ती कमान जवळपास जशीच्या तशी उचलली. हेन्री फोर्डच्या १९०८ च्या मॉडेल टी गाडीला पुढे एक, मागे एक अशा दोन आडव्या कमानी होत्या आणि शॉकअप एकही नव्हता. ती गाडी १९२७ पर्यंत लाखोंनी विकली गेली.

शॉकअपशिवाय ती चालली कशी, हा प्रश्न इथे मोलाचा आहे. कमानीत लहानमोठ्या लांबीचे पाटे एकावर एक रचून मध्ये सेंटर बोल्टने आवळलेले असतात. चाक वर आले की सगळे पाटे वाकतात, पण त्यांची लांबी सारखी नसल्याने वाकताना ते एकमेकांवरून किंचित घसरतात. पोलादावर पोलाद घासते, उष्णता तयार होते, आणि गाडीला मिळालेल्या धक्क्यातली काही ताकद त्या उष्णतेत खर्ची पडते. म्हणजे कमान गाडी उचलून धरते आणि हेलकावाही थोडाफार जिरवते. आणखी एक गोष्ट अशी की वजन वाढले की पाटे एकमेकांवर जास्त दाबले जातात, म्हणून घर्षणही वाढते. भार वाढला की हेलकावा आवरायची ताकद आपोआप वाढली. गावच्या लोहाराने किंवा शहरातल्या कमानवाल्याने जास्त माल वाहणाऱ्या गाडीला एक पाटा वाढवला, तेव्हा त्याने कडकपणा वाढवलाच, पण घासणारी एक जोडीही वाढवली. दोन्ही कामांची बेरीज एकाच फटक्यात झाली. ‘पाटा वाढव’ हा इलाज अडाणीपणातून आलेला नाही. कमानीपुरता तो अगदी चोख होता, आणि एसटीच्या गाड्यांपासून मालट्रकांपर्यंत त्याने पिढ्यान्पिढ्या काम दिले आहे.

पण या व्यवस्थेत एक खोट होती. घर्षण हे रस्ता पाहून वागत नाही. बारीक खडीवरून जाताना पाटे एकमेकांना चिकटून राहतात, कमान वाकतच नाही आणि गाडी थरथरत चालते. मोठा खड्डा आला की तेच घर्षण अपुरे पडते आणि गाडी उसळते. पाट्यांमध्ये गंज धरला की पहिला दोष वाढतो, ग्रीस भरले की दुसरा. १९२० च्या दशकातले हौशी मोटारमालक कमानींना चामडी आवरणे चढवून आत ग्रीस भरत असत, म्हणजे गाडी मऊ चालावी. ती मऊ चालायची, पण हेलकावेही जास्त खायची, कारण जे घर्षण त्रासदायक वाटत होते तेच हेलकावा आवरत होते. मऊ बसणे आणि आवरलेली चाल या दोन गोष्टी एकाच तुकड्याकडून पूर्णपणे मिळत नाहीत, हे इथेच उघड झाले होते.

हेलकाव्यासाठी वेगळे यंत्र हवे ही जाणीव त्यामुळे हळूहळू आली. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला फ्रान्समध्ये ट्रुफो याने घर्षणाच्या तबकड्यांवर चालणारे यंत्र बनवले आणि अमेरिकेत एडवर्ड हार्टफर्ड याने ते मोटारींसाठी बाजारात आणले. क्लीव्हलंडचा क्लॉड फॉस्टर मोटारीचे भोंगे बनवत असे. त्याने ‘गेब्रिएल स्नबर’ नावाचा पट्ट्याचा एक गुंडाळा काढला. कमान दबताना तो काहीच करत नसे. दबलेली कमान सुटून गाडीला वर फेकू लागली की पट्टा ताणला जाई आणि घर्षणाने तिला रोखून धरी. हा साधा पट्टा मला या इतिहासातला सर्वांत बोलका पुरावा वाटतो. धक्का बसताना मदत नको, परत येताना हवी, हे फॉस्टरने नेमके ओळखले होते. आजचे चांगले शॉकअपही दबताना मऊ आणि ताणताना कडक असतात, ते याच कारणाने. फ्रान्सच्या मोरिस उदाय याने पुढचे पाऊल टाकले आणि तेलाचा शॉकअप बनवला. तेल बारीक छिद्रातून ढकलले जाते. हळू ढकलले तर सहज जाते, जोराने ढकलले तर अडते. लहान धक्क्याला मोकळीक आणि मोठ्या हेलकाव्याला लगाम, ही घर्षणाला न जमलेली गोष्ट तेलाने केली. १९२७ च्या अखेरीस मॉडेल टी बंद करून फोर्डने मॉडेल ए आणली तेव्हा तिला उदायच्या पद्धतीचे तेलाचे शॉकअप लावलेले होते. एकाच कंपनीच्या या दोन लागोपाठच्या गाड्यांमध्ये दोन युगे शेजारी उभी आहेत. गेब्रिएलचे नाव पुढे आपल्याकडेही आले. गेब्रिएल इंडियाची स्थापना १९६१ ची, आणि तिचा मुलुंडचा कारखाना मुंबईकरांच्या चांगल्या परिचयाचा होता.

तरीही १९३० पर्यंत शॉकअप हा कमानीचा मदतनीसच होता. तो निकामी झाला तरी कमान वेळ निभावून नेई. ही सोय संपली ती पुढच्या पाचसहा वर्षांत. रोल्स-रॉइसमधून आलेला मॉरिस ऑली हा इंजिनिअर तेव्हा अमेरिकेत कॅडिलॅककडे काम करत होता. त्याने एक अशी गाडी बनवून घेतली की जिच्यावरची वजने पुढे-मागे सरकवता येतील आणि प्रत्येक मांडणीत ती चालवून पाहता येईल. त्यातून निघालेला निष्कर्ष त्या काळच्या समजुतीच्या उलट होता. पुढची स्प्रिंग मागच्यापेक्षा मऊ हवी. खड्डा आधी पुढच्या चाकाला लागतो, मग मागच्या. मागचा हेलकावा थोडा जलद असला तर तो पुढच्याला गाठतो आणि गाडी पाळण्यासारखी पुढे-मागे डोलण्याऐवजी सपाट वरखाली होऊन शांत होते. पण पुढची कमान इतकी मऊ केली की ती चाकाला धरून ठेवू शकेना. म्हणून गोल स्प्रिंगा आणि स्वतंत्र चाके आली. १९३४ च्या मॉडेलपासून जनरल मोटर्सने आपल्या गाड्यांना पुढे तशी रचना दिली. त्याच सुमारास, १९३१ मध्ये, फर्डिनांड पोर्शे याने पोलादी दांड्याला पीळ देऊन त्याचीच स्प्रिंग करण्याच्या रचनेचे पेटंट मागितले होते. गोल स्प्रिंग असो की पिळाचा दांडा, दोन्हींत पाट्यावर पाटा घासत नाही. दोन्ही जवळपास निखळ स्प्रिंगा आहेत. झोपाळ्याला एकदा झोका दिला की तो कुणी धरेपर्यंत हलत राहतो, तशी यांच्यावरची गाडी शॉकअप नसेल तर हलत राहील. इथून पुढे हेलकावा जिरवणे हे सर्वस्वी शॉकअपचे काम झाले. १९५० च्या दशकात फ्रान्सच्या द कार्बों याने एकाच नळीत तेलामागे दाबाचा वायू भरून, खडबडीत रस्त्यावर तेलाला फेस येऊन शॉकअप लुळा पडण्याची खोडही मोडली, आणि जर्मनीच्या बिल्स्टाइनने ती रचना मोटारींत आणली.

आता कॅम्परकडे येतो, कारण तिच्यात हा सगळा इतिहास एकत्र गाठ पडतो. डच व्यापारी बेन पोन याने २३ एप्रिल १९४७ रोजी आपल्या वहीत एका पेटीसारख्या व्हॅनचे चित्र काढले, आणि मार्च १९५० मध्ये वोल्फ्सबर्गला फोक्सवॅगनची टाइप टू व्हॅन तयार होऊ लागली. तिचे बरेचसे अवयव छोट्या बीटल मोटारीचे होते आणि तिला पोर्शेच्या पिळाच्या दांड्यांचाच आधार होता. पुढे दोन आडव्या नळ्यांत पोलादी पट्ट्यांचे जुडगे, मागे दोन्ही बाजूंना एकेक गोल दांडा. पाऊण टनाच्या आसपास माल ही तिची कुवत, आणि तिचे स्वतःचे वजन एक टनाच्या घरात. म्हणजे रिकामी गाडी आणि भरलेली गाडी यांत जवळजवळ पावणेदोन पटीचा फरक. माल दोन्ही आसांच्या मध्ये पडावा अशी मांडणी केल्याने भरल्यावरही पुढचा-मागचा तोल फारसा बिघडत नसे, ही तिची मोठी करामत. पण स्प्रिंगसाठी हा फरक कठीणच. सकाळी बेकरीच्या पावांनी भरायची, दुपारी रिकामी परत यायची, अशा गाडीची स्प्रिंग मधल्या वजनाला बेतावी लागते. ती रिकाम्या गाडीला थोडी कडक आणि भरलेल्या गाडीला थोडी मऊच असणार. ही तडजोड प्रत्येक मालवाहू व्हॅनच्या पोटात असते.

वेस्टफालिया या वीडेनब्रुकच्या कंपनीने १९५१ मध्ये या व्हॅनसाठी ‘कॅम्पिंग बॉक्स’ काढला. कपाट, झोपायची बाके, छोटे स्वयंपाकघर, सगळे गाडीत ठेवायचे आणि सोमवारी उतरवून ठेवायचे. आठवड्याचे दिवस माल, सुटीच्या दिवशी संसार. म्हणजे पहिली कॅम्पर ही येत्या-जात्या वजनाचीच गाडी होती आणि तिला कारखान्याची तडजोडीची स्प्रिंग शोभत होती. पुढे चित्र पालटले. सामान पक्के बसवले जाऊ लागले, छत उचलणारे झाले, फ्रीज आला, पाण्याची टाकी आली. पन्नास लिटरची टाकी भरली की पन्नास किलो वजन कायमचे एका जागी बसते. त्यात ओटा, कपाट आणि गॅसची टाकी बहुधा एकाच बाजूच्या भिंतीला, म्हणून वर्षानुवर्षांनी गाडी त्या अंगाला कललेली दिसते. १९७९ मध्ये फोक्सवॅगनने तिसरी पिढी आणली, पिळाचे दांडे सोडून चारही चाकांना गोल स्प्रिंगा दिल्या. आज युरोपात ज्या जुन्या कॅम्परसाठी लोक स्प्रिंगा आणि शॉकअप शोधत असतात त्यांत या गाड्या पुष्कळ आहेत. ब्राझीलमध्ये मात्र पिळाच्या दांड्यांची जुनी टाइप टू, तिथल्या नावाने कोंबी, २०१३ पर्यंत कारखान्यातून बाहेर पडत राहिली. साठच्या दशकाच्या अखेरीस आणि सत्तरच्या दशकात युरोपातून इस्तंबूल, तेहरान, काबूल, लाहोर करत गोव्यापर्यंत येणाऱ्या प्रवाशांच्या जथ्यांतही या व्हॅन होत्या. १९७९ च्या इराण आणि अफगाणिस्तानातल्या उलथापालथींनी तो रस्ता बंद झाला. तो प्रवास म्हणजे कायम भरलेल्या गाडीचाच प्रवास होता, बेकरीच्या व्हॅनचा नव्हे.

कॅम्परचे वजन कायम असते, या एका गोष्टीवरून तिच्यासाठी स्प्रिंग कशी निवडावी याचे उत्तर निघते, आणि इथे थोडे गणित टाळता येत नाही. साधी स्प्रिंग वजनाखाली जितकी दबते त्यावरून गाडी किती जलद हेलकावेल हे ठरते. २५ सेंटीमीटर दबली तर सेकंदाला साधारण एक हेलकावा, १० सेंटीमीटर दबली तर दीडपेक्षा थोडे जास्त. समजा एका व्हॅनची मागची स्प्रिंग ६०० किलोखाली १० सेंटीमीटर दबत होती आणि संसार भरल्यावर तिथे ९०० किलो आले. ती १५ सेंटीमीटर दबेल. गाडी बसायला उलट मऊ वाटेल, पण मागची बाजू ५ सेंटीमीटर खाली आली आणि खड्ड्यात चाक वर जायला तेवढी जागा कमी उरली. चाकाची वरची हालचाल अडवणाऱ्या रबरी ठोकळ्यावर आपटणे सुरू होते ते इथे. मागचा हेलकावा आता मंद झाला, म्हणजे ऑलीने सांगितलेला पुढच्या-मागच्याचा मेळही मोडला आणि गाडी डोलू लागली. अशा गाडीला दीडपट कडक स्प्रिंग देणे हा अंधारात मारलेला बाण ठरत नाही. दीडपट वजनाला दीडपट कडकपणा, म्हणजे पुन्हा १० सेंटीमीटर दाब आणि पूर्वीचाच हेलकावा. पण इथेच जुनी सवय घात करते. वजनही दीडपट आणि स्प्रिंगही दीडपट झाली की तोच हेलकावा तितकाच चांगला आवरायला शॉकअपही दीडपट जोराचा लागतो. जुना शॉकअप तसाच ठेवला तर त्याची पकड तीन हिश्शांतली दोनच हिस्से उरते. नुसती स्प्रिंग कडक केली आणि वजन तेच ठेवले तरी पकड जवळपास एक पंचमांशाने कमी होते. कमानीला पाटा वाढवला तेव्हा पाट्याने स्वतःचे घर्षण सोबत आणले होते. गोल स्प्रिंग काहीही सोबत आणत नाही. म्हणून नव्या कडक स्प्रिंगा घालूनही गाडी हायवेवर तरंगते अशी तक्रार घेऊन लोक येतात, त्यांना पुन्हा स्प्रिंगच कडक करायला सांगितले जाते आणि दोष दुणावतो.

दुसरा एक गैरसमज याच सवयीतून आलेला आहे. गाडी बसली म्हणजे स्प्रिंग मऊ पडली, असे समजले जाते. पोलादाचा ताठपणा वयाने कमी होत नाही. वर्षानुवर्षे एकाच भाराखाली राहिलेली स्प्रिंग उंची गमावते, ती कायमची आखडते, पण तिचा कडकपणा जवळपास पूर्वीइतकाच राहतो. मऊ पडते ती गंजलेली स्प्रिंग, कारण कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. १४ मिलिमीटरची तार गंजून साडेतेरा उरली तर कडकपणा साधारण साडेतेरा टक्क्यांनी उतरतो, शिवाय त्या खाचेतून ती एक दिवस तुटते. म्हणून बसलेल्या गाडीपुढचा प्रश्न पहिल्यांदा उंचीचा आहे आणि कडकपणाचा नंतर. पिळाच्या दांड्याच्या जुन्या फोक्सवॅगनमध्ये ही गोष्ट हाताने दिसते. मागच्या दांड्याला दोन टोकांना दाते असतात आणि दोन्हीकडे त्यांची संख्या वेगळी असते. आतले टोक काही दाते फिरवून आणि बाहेरचे टोक उलट काही दाते फिरवून गाडीची उंची अगदी बारीक पायऱ्यांनी बदलता येते, आणि दांड्याचा कडकपणा तसूभरही बदलत नाही. उंची आणि कडकपणा वेगवेगळे असतात हे त्या रचनेत कोरलेले आहे. गोल स्प्रिंगच्या गाडीत हेच काम वॉशरसारखी चकती खाली घालून होते. मात्र गाडी उचलली की शॉकअपची लांबी पाहावी लागते. उंची वाढवून शॉकअप तोच ठेवला तर तो आधीच ताणलेला राहतो आणि चाक खड्ड्यात उतरताना आतल्या टोकाला आपटून फुटतो.

आक्षेप येतीलच, आणि त्यांतले काही वजनदार आहेत. पहिला असा की कंपनीच्या इंजिनिअरांपेक्षा आपण शहाणे का व्हावे? जे मूळ होते तेच घालावे. या म्हणण्यात आदर आहे आणि बऱ्याच वेळा ते बरोबरही ठरते. पण मूळ म्हणजे कुठले? एकाच व्हॅनचे रुग्णवाहिका, पिकअप, प्रवासी गाडी असे प्रकार असत आणि त्यांच्या स्प्रिंगा कंपनीनेच निरनिराळ्या दिलेल्या असत. स्प्रिंगवरच्या रंगाच्या खुणा त्यासाठीच होत्या. कंपनीने ज्या वजनाला ती स्प्रिंग दिली ते वजन आज गाडीत नसेल, तर तीच स्प्रिंग परत बसवणे हे तिच्या हिशेबाचे पालन ठरत नाही. तिने जो हिशेब केला तोच आपल्या वजनाने पुन्हा करणे म्हणजे तिचा खरा मान राखणे. दुसरा आक्षेप उलट बाजूने येतो. आपल्या रस्त्यांवर कडक तेवढे चांगले, तुटण्यापेक्षा कडक बरे. याला उत्तर असे की स्प्रिंग कडक केल्याने गाडीची कुवत वाढत नाही. ब्रेक तेच, टायर तेच, बेअरिंग तेच, आणि आरसी बुकात लिहिलेले एकूण वजनही तेच. वाढते ते फक्त दिसणे. गाडी उभी ताठ दिसते, म्हणून मालक अजून शंभर किलो सामान भरतो, आणि जिथे स्प्रिंगने आधी खाली बसून सूचना दिली असती तिथे आता बेअरिंग सूचना न देता जाते.

तिसरा आक्षेप मला सर्वांत मोलाचा वाटतो. आमच्या मिस्त्रीने वर्षानुवर्षे पाटे वाढवले, कमानी भट्टीत तापवून पुन्हा वाकवल्या, गाड्या चालल्या, मग हे पुस्तकी गणित कशाला? मिस्त्री चुकला असे कुठेही म्हणायचे नाही. त्याचे ज्ञान ज्या वस्तूवर तयार झाले ती वस्तू दोन्ही कामे करत होती, आणि त्याने तिला ओळखले होते. मालट्रकला पाटे वाढवण्यातही तो बरोबर होता, कारण ट्रक बहुतेक वेळ भरलेलाच चालतो आणि तो रिकामा चालवताना चालक काय भोगतो याची फिकीर कुणाला नसते. अडचण तेव्हा होते जेव्हा तेच ज्ञान गोल स्प्रिंगवर किंवा नव्या पद्धतीच्या कमानीवर लादले जाते. आजकालच्या अनेक गाड्यांना जी पॅराबोलिक कमान असते तिच्यात दोन-तीनच पाटे असतात, मध्ये जाड आणि टोकांकडे निमुळते, आणि ते फक्त मध्यावर आणि टोकांना एकमेकांना टेकतात. घासण्याला जागा फारच थोडी. दिसायला ती कमान, पण वागायला बरीचशी गोल स्प्रिंगसारखी. तिच्यावर जुन्या धाटणीचा एक सरळ पाटा ठोकला तर तो मधोमध टेकतो, तिच्या वाकण्याची मोजदाद बिघडवतो, आणि जास्तीचे घर्षण जेवढे देतो त्यापेक्षा जास्त ताण एकाच जागी आणतो. हेल्पर पाट्याचेही तसेच. जास्त भार आला तरच टेकावा म्हणून तो असतो. कायम भरलेल्या कॅम्परमध्ये तो कायम टेकलेला राहतो, आणि येत्या-जात्या भारासाठी केलेली युक्ती तिथे निरर्थक होते.

महाराष्ट्रात हा प्रश्न आता घरचा होत चालला आहे. फिरोदियांनी हॅम्बर्गजवळच्या विडाल उंड सोन या टेम्पो बनवणाऱ्या कंपनीशी हात मिळवून १९५८ मध्ये बजाज टेम्पो सुरू केली. पुढे तिच्याकडून मॅटाडोर आली आणि १९८० च्या दशकात मर्सिडीजच्या १९७७ च्या व्हॅनवर बेतलेली ट्रॅव्हलर. युरोपात त्याच जर्मन व्हॅनचे शेकडो कॅम्पर झाले. इकडे ट्रॅव्हलरने शाळेची मुले, वऱ्हाडी आणि शिर्डीचे भाविक वाहिले. राज्याने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केल्यानंतर जुन्या ट्रॅव्हलरचे कॅम्पर करण्याचा विचार अनेकांच्या मनात येतो, आणि पहिला सल्ला ओळखीचाच मिळतो: घराचे सामान जड, मागे एक पाटा वाढवून घ्या. इथे वजनकाट्यावर जाऊन यावे. पुढची चाके एकदा, मागची एकदा, आणि जमल्यास डावे-उजवे वेगळे, पाण्याची टाकी भरून, माणसे बसवून. सतरा प्रवासी घेणारी गाडी माणशी ६५ किलो धरली तर अकराशे किलोंची माणसे उचलायला बनलेली होती, आणि त्यावर त्यांच्या बॅगा. बिछाना, ओटा, फ्रीज, दोन बॅटऱ्या, ऐंशी लिटर पाणी आणि चार माणसे यांची बेरीज पुष्कळदा त्याच्या आतच राहते. तसे निघाले तर त्या गाडीला पाटा वाढवण्याची गरज नाहीच, उलट रिकामी-भरलेली अशी तडजोड आता लागत नसल्याने एखादा पाटा कमी करण्याचा विचार करता येतो. पण पाटा कमी केला की त्याच्यासोबत त्याचे घर्षणही गेले, म्हणून त्याच दिवशी मागचे दोन्ही शॉकअप काढून पाहायचे: नळीवर तेलाचा ओलावा आहे का, हाताने ताणताना सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखा अडतो का, की मध्येच मोकळा सुटतो. मोकळा सुटत असेल तर तो बदलल्याशिवाय कमानीला हात लावू नये.